काम सुरू केलं, आता ते कुणाचं?

अ‍ॅप लिहिणं म्हणजे बऱ्याच अंशी वाट बघण्याची सोय लावणं. सर्व्हरचं उत्तर यायचंय, डेटाबेसमधली नोंद वाचून व्हायचीय, फोटो लहान करून व्हायचाय, माणसाने पुढचं अक्षर अजून टाइप करायचंय. प्रोग्रॅमिंग म्हणून आपण जी गणितं आणि जे अल्गोरिदम शिकतो, ते अ‍ॅपच्या कोडमध्ये शोधावे लागतात. बाकीचा कोड कशाची तरी वाट बघत असतो. अशा कोडला असिंक्रोनस म्हणतात. आणि ती वाट कशी बघायची यावरून आमच्याकडे जेवढे वाद होतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. कॉलबॅक, प्रॉमिस, आरएक्स, कोरुटीन, अ‍ॅक्टर. दर तीन-चार वर्षांनी एक नवं नाव येतं आणि आधीचं सगळं जुनाट वाटायला लागतं.

मी बरीच वर्षं मोबाइल अ‍ॅप लिहितेय, त्यामुळे यातल्या बहुतेक पद्धती हाताखालून गेल्या. प्रत्येकीतलं मला काही ना काही आवडलं. पण हल्ली टीममध्ये ‘यासाठी काय वापरायचं’ हा प्रश्न निघाला की मी लायब्ररीच्या नावांकडे नंतर वळते. आधी विचारते, हे काम कुणाचं आहे? ज्याने ते सुरू केलं तो मध्येच निघून गेला तर कामाचं काय करायचं? थांबवायचं, चालू ठेवायचं, की दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचं? याचं उत्तर मिळालं की पद्धत निवडायला फार वेळ लागत नाही. ते मिळालं नसेल तर कितीही नवी पद्धत घ्या, बग जागच्या जागी राहतो.

या वादाचं मूळ स्क्रीनच्या हिशोबात आहे. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं काढायची, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. १२० हर्ट्‌झची असेल तर ८.३. हे चित्र काढणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, यादी सरकवणं, सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागे एक कामं करणाऱ्या एकाच धाग्यावर, चालतं. त्याला मेन थ्रेड म्हणतात. अँड्रॉइड घ्या, आयओएस घ्या, डेस्कटॉपवरची जुनी टूलकिट्स घ्या, बहुतेक सगळीकडे हीच रचना आहे आणि तिला कारण आहे. स्पर्शाची बातमी बटणाकडून वर खिडकीकडे जाते आणि चित्र काढण्याचा हुकूम खिडकीकडून खाली बटणाकडे येतो. दोन वेगवेगळे थ्रेड ही दोन कामं करू लागले आणि दोघांनी वाटेतल्या गोष्टींना कुलपं लावली, की मध्यावर कुठेतरी दोघंही एकमेकांची वाट बघत उभे राहतात, कायमचे. म्हणून एकच थ्रेड, आणि त्याला कधीही अडकवायचं नाही.

अँड्रॉइडवर स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही तर सिस्टिम स्वतःहून ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी दाखवते. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून तर मेन थ्रेडवरून नेटवर्कला हात लावला की सरळ एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, येतं आणि ते पकडलं नाही तर अ‍ॅप पडतं. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. सल्ला म्हणून सांगितलेली गोष्ट घाईच्या दिवसात कुणी पाळत नाही. क्रॅश होणारी गोष्ट सगळे पाळतात.

इथवर कुणाचं दुमत नसतं. मेन थ्रेड मोकळा ठेवायचा. पण काम दुसरीकडे पाठवल्यावर उत्तर घेऊन परत कसं यायचं, इथून मतं फुटतात.

सर्च बॉक्सचं उदाहरण घेते, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं त्या एका चौकोनात सापडतं. कुणीतरी ‘पाऊस’ हा शब्द टाइप करतंय. ‘पा’ झाल्यावर एक रिक्वेस्ट गेली, ‘पाऊ’वर दुसरी, ‘पाऊस’वर तिसरी. ‘पा’ने सुरू होणारे निकाल भरपूर, सर्व्हरला वेळ लागला. ‘पाऊस’चे मोजके, ते आधी आले आणि दिसले. अर्ध्या सेकंदाने ‘पा’चं उत्तर पोचलं आणि त्या यादीवर जाऊन बसलं. आता वर ‘पाऊस’ लिहिलेलं आहे आणि खाली पाटी, पालखी, पाखरू. वापरणाऱ्याला वाटतं, सर्च बिघडलाय. तो एक अक्षर पुसतो, पुन्हा टाइप करतो, या वेळी बरोबर येतं. तक्रार आली तरी ‘आमच्याकडे तर चालतंय’ असं उत्तर जातं, कारण चांगल्या नेटवर्कवर उत्तरं बहुधा ज्या क्रमाने विचारली त्याच क्रमाने येतात.

कॉलबॅकने, म्हणजे उत्तर आलं की चालवायचं फंक्शन आधीच देऊन ठेवून, हे सोडवायचं तर प्रत्येक रिक्वेस्टला क्रमांक द्यायचा. उत्तर आलं की शेवटचा क्रमांक तोच आहे का बघायचं, नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. दर अक्षराला रिक्वेस्ट नको म्हणून एक टायमर लावायचा, तो प्रत्येक अक्षराला रद्द करून नव्याने सुरू करायचा. एररसाठी दुसरा कॉलबॅक. त्यातही तोच क्रमांक तपासायचा, नाहीतर जुन्या रिक्वेस्टची एरर नव्या निकालांवर येऊन बसते. स्क्रीन बंद झाली असेल तर काहीच करायचं नाही, ती तपासणी दोन्हीकडे. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण त्या चार-पाच ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं.

मग प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची पावती, आलं आणि त्याच्यामागून अ‍ॅसिंक-अवेट. अवेट म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत इथे थांब’. मूळ कल्पना जुनी आहे. ‘फ्यूचर’ ही प्रॉमिसचीच भावंड असलेली कल्पना १९७७ च्या एका शोधनिबंधात सापडते, आणि बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी ‘प्रॉमिस’वर लिहिलं ते १९८८ मध्ये. अ‍ॅसिंक-अवेट हे रूप प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी सी शार्पमध्ये २०१२ साली आलं, पायथनमध्ये २०१५ ला, जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला, आयओएसवरच्या स्विफ्टमध्ये २०२१ ला. त्याने कोड वरून खाली सरळ वाचता येऊ लागला, एरर पकडणारं ट्राय-कॅच पुन्हा कामी येऊ लागलं, आणि हा फायदा मी कधीच कमी लेखणार नाही. पण सर्च बॉक्सचा बग? तो तसाच आहे. ‘निकाल मागव, थांब, आले की दाखव’ या तीन ओळी दिसायला निर्दोष आहेत. त्या तीन ओळी तीनदा चालू आहेत, आणि तिघी आपापल्या परीने बरोबर आहेत. वाचताना डोळा कुठे अडखळत नाही, म्हणून अशा कोडच्या रिव्ह्यूत मी जास्त सावध असते. जावास्क्रिप्टच्या प्रॉमिसला आणि डार्ट या भाषेच्या फ्यूचरला स्वतःची अशी कॅन्सल करायची सोय नाही. ती बाहेरून आणावी लागते, जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅबॉर्ट कंट्रोलर आणि त्याचा सिग्नल हातोहात खाली पोचवून.

आरएक्सने इथे कमाल केली. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉटनेटसाठी जन्मलेली ही कल्पना नेटफ्लिक्सने जावात आणली आणि २०१३ साली खुली केली. अँड्रॉइडवाल्यांनी ती उचलून धरली. तिच्यात टाइप होणारी अक्षरं ही एक वाहती गोष्ट मानली जाते. त्यावर ‘डिबाउन्स’ लावा, म्हणजे बोटं क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘स्विचमॅप’ लावा, म्हणजे नवी अक्षरं आली की जुनी रिक्वेस्ट सोडून द्यायची. दोन शब्दांत तो क्रमांक, तो टायमर, त्या तपासण्या, सगळं आलं. स्विचमॅपच्या जागी जुनी रिक्वेस्ट न सोडणारं फ्लॅटमॅप लिहिलं की तोच जुना बग परत. एका शब्दाचा फरक आहे, पण तो शब्द कोडमध्ये लिहिलेला आहे, कुणालाही बोट ठेवून दाखवता येतो. अँड्रॉइडवरच्या कोटलिन या भाषेत अशा वाहत्या गोष्टीला फ्लो म्हणतात, तिथे हेच ‘फ्लॅटमॅप लेटेस्ट’ या नावाने आलं, आणि मला ते नाव मूळ नावापेक्षा आवडतं.

स्विचमॅप इतकं नेमकं का बसतं याचा विचार करताना मला माझा प्रश्न सापडला. त्या रिक्वेस्टचा मालक स्क्रीन नाही, बटण नाही, वापरणारा माणूसही नाही. तिचा मालक आहे बॉक्समध्ये या क्षणी असलेला मजकूर. मजकूर बदलला की आधीची रिक्वेस्ट बेवारस झाली, आणि बेवारस काम थांबलं पाहिजे. स्विचमॅप हा एवढा एक मालकी हक्क सांगतो.

याच नजरेने अँड्रॉइडच्या असिंक टास्कचा इतिहास वाचला की तो वेगळाच दिसतो. २००९ मध्ये तो आला तेव्हा सोय म्हणून चांगला होता. मागे करायचं काम एका फंक्शनमध्ये, नंतर स्क्रीनवर दाखवायचं दुसऱ्यात, थ्रेड बदलायची काळजी सिस्टिमची. आधी अशी कामं एकामागे एक चालायची, मग अँड्रॉइड १.६ पासून एकत्र चालू लागली, मग ३.० पासून पुन्हा एकामागे एक, कारण एकत्र चालल्याने खूप अ‍ॅप्समध्ये चुका होत होत्या. पण खरं दुखणं दुसरंच होतं. फोन आडवा केला की अँड्रॉइड चालू स्क्रीन मोडून नवी बांधतं. टास्कच्या हातात मात्र जुन्या स्क्रीनचाच पत्ता. काम संपवून तो उत्तर घेऊन येतो ते मोडलेल्या स्क्रीनकडे. कधी क्रॅश, कधी काहीच नाही, आणि काम संपेपर्यंत ती अख्खी जुनी स्क्रीन मेमरीत अडकून. टास्कला मालकच नेमलेला नव्हता, होता फक्त उत्तर पोचवायचा पत्ता. २०२० साली अँड्रॉइड ११ बरोबर त्याला अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं.

कोटलिनची कोरुटीन २०१८ च्या ऑक्टोबरात, १.३ आवृत्तीत स्थिर झाली. कोरुटीन हा शब्द मेल्विन कॉन्वे यांचा, १९५८ सालचा. फंक्शन मध्येच थांबवायचं आणि नंतर तिथूनच पुढे न्यायचं ही युक्ती तेव्हापासून ठाऊक आहे. पण माझ्या मते कोटलिनमध्ये मोठी घटना ती नव्हती. मोठी घटना होती स्कोप, म्हणजे काम कुणाचं हे ठरवणारी चौकट. कोरुटीन सुरू करायची तर ती कुणाच्या तरी स्कोपमध्येच सुरू करावी लागते. स्कोप संपला की त्यातल्या सगळ्या कोरुटीन कॅन्सल होतात. आतल्या सगळ्या संपल्याशिवाय बाहेरची संपत नाही. एक पडली तर ती एरर वर आईबापांपर्यंत जाते आणि भावंडंही थांबतात, तुम्ही मुद्दाम सुपरव्हायझर नेमला नसेल तर. याला स्ट्रक्चर्ड कन्करन्सी म्हणतात. स्विफ्टने २०२१ मध्ये अ‍ॅसिंक-अवेट आणलं ते हेच तत्त्व घेऊन. स्क्रीन बांधायच्या स्विफ्टयूआयमध्ये व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनच्या एखाद्या भागाला, ‘टास्क’ जोडला की तो व्ह्यू गेल्यावर टास्क आपोआप कॅन्सल होतो.

पळवाटा अर्थातच आहेत. कोटलिनमध्ये ग्लोबल स्कोप आहे, आणि तो वापरला की कंपायलर इशारा देतो की हे नाजूक प्रकरण आहे. स्विफ्टमध्ये कुठेही ‘टास्क’ लिहून कंस उघडता येतो. असा मोकळा टास्क कुणाचाच नसतो. त्यात एरर आली आणि त्याच्या निकालाची कुणी वाट बघत नसेल तर ती एरर गुपचूप हरवते, लॉगमध्येही दिसत नाही. कोड वाचताना मला असा मोकळा टास्क दिसला की मी तिथे थांबते आणि लिहिणाऱ्याला विचारते. दरवेळी ते चूकच असतं असं नाही, पण उत्तर तयार असायला हवं.

बेवारस एररचं काय करायचं यावर वेगवेगळ्या जगांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत, आणि ते मला फार बोलके वाटतात. आरएक्सजावा २ ने ठरवलं की ऐकणारा निघून गेल्यावर आलेली एरर गिळायची नाही. ती एका सार्वत्रिक हँडलरकडे जाते, आणि तिथे काही सोय केलेली नसेल तर अ‍ॅप क्रॅश होतं. पहिल्या आवृत्तीवरून दुसरीवर येताना यामुळे अनेकांचं अ‍ॅप अचानक पडू लागलं आणि खूप त्रागा झाला. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसने २०२० च्या १५ व्या आवृत्तीत असंच केलं, प्रॉमिसची न पकडलेली एरर आली की प्रोसेस बंद. दोन्ही निर्णय मला पटतात. हरवलेल्या एररचा हिशोब कधीतरी द्यावाच लागतो. तो डेव्हलपरने दिलेला बरा, वापरणाऱ्याने नव्हे.

कॅन्सल करणं हाही दिसतो तितका सरळ मामला नाही. कोटलिन काय, स्विफ्ट काय, दोन्हीकडे कॅन्सल म्हणजे विनंती आहे. चालू कामाने मध्येमध्ये थांबून ‘मला थांबायला सांगितलंय का’ असं बघायचं असतं. लायब्ररीतली बहुतेक थांबणारी फंक्शन्स ते आपणहून बघतात. पण दहा हजार नोंदींवर फिरणारा लूप लिहिला आणि त्यात कुठेच बघितलं नाही, तर स्क्रीन केव्हाच गेलेली असते आणि लूप फोनची बॅटरी खात फिरत राहतो. दुसरी जागा याहून छुपी आहे. कोटलिनमध्ये कॅन्सलची बातमी एक्सेप्शनच्या रूपाने येते. कुणी चांगल्या हेतूने ‘कुठलंही एक्सेप्शन आलं तरी पकड आणि पुन्हा प्रयत्न कर’ असं लिहिलं, की त्या जाळ्यात कॅन्सलची बातमीही सापडते. कामाला सांगितलेलं असतं थांब, आणि ते पुन्हा प्रयत्नाच्या फेऱ्या मारत बसतं, किंवा स्क्रीनवर एक विचित्र एरर दाखवून जातं. असं सरसकट पकडणारं जाळं लिहावंच लागलं तर कॅन्सलचं एक्सेप्शन आधी वेगळं काढून परत फेकायचं. ही एक ओळ मी टीममधल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

आता उलट बाजू. टीममधला एक तरुण सहकारी प्रोफाइलची स्क्रीन करत होता. नाव बदला, ‘सेव्ह’ दाबा. त्याने सगळं स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलच्या स्कोपमध्ये नीट लिहिलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. मी विचारलं, “सेव्ह दाबून कुणी लगेच मागे गेलं तर?”

“तर स्कोप संपेल, रिक्वेस्ट कॅन्सल होईल. गळती नाही, काही नाही.”

“आणि नाव?”

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे हे काम स्क्रीनचं नाहीच.”

मला त्याचं हे वाक्य फार आवडलं, कारण ते त्याने स्वतः काढलं होतं. वाचायचं काम बहुतेकदा स्क्रीनचं असतं, बघणारा गेला की दाखवायचं कुणाला? लिहायचं काम मात्र क्वचितच स्क्रीनचं असतं. ‘सेव्ह’ दाबणाऱ्याने आपला शब्द दिलेला असतो आणि तो आपण घेतलेला असतो. मग ते काम स्क्रीनपेक्षा जास्त जगणाऱ्या कुणाकडे तरी जायला हवं. आम्ही ते डेटा आणणाऱ्या-साठवणाऱ्या रिपॉझिटरीकडे असलेल्या अ‍ॅपभरच्या स्कोपमध्ये नेलं. स्क्रीन फक्त निकालाची वाट बघते, आणि तिने वाट बघणं सोडलं तरी काम पुरं होतं.

याच्याही पुढची पायरी आहे. अ‍ॅपची प्रोसेसच गेली तर? मेमरी कमी पडली की सिस्टिम मागे पडलेलं अ‍ॅप बंद करते, तेव्हा कुठलाही स्कोप, कुठलाही फ्यूचर उरत नाही. मोठा व्हिडिओ अपलोड होतोय आणि माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेला, ही रोजची गोष्ट आहे. इथे कोरुटीन की आरएक्स हा वादच गैरलागू आहे, कारण दोन्ही मेमरीत राहतात. असं काम डिस्कवर नोंदवून सिस्टिमच्या स्वाधीन करायला हवं, अँड्रॉइडवर वर्कमॅनेजर, आयओएसवर बॅकग्राउंडचं यूआरएल सेशन. लोक हे निर्णय उशिरा घेतात, आणि मग आधी लिहिलेला सुंदर कोड अर्धा फेकून द्यावा लागतो.

आणि पैशाचा किंवा ऑर्डरचा मामला असेल तर आणखी एक गोष्ट. कॅन्सल केलं म्हणजे आपण वाट बघणं सोडलं, एवढंच. सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट पोचलेली असू शकते, पैसे कापले गेलेले असू शकतात, फक्त उत्तर परत येताना हरवलं. टाइमआउटचंही तेच. ‘झालं नाही’ आणि ‘झालं की नाही कळलं नाही’ या दोन अवस्था फोनवरून सारख्याच दिसतात. यावर फोनच्या बाजूला कुठलीही पद्धत निवडून उपाय नाही. प्रत्येक व्यवहाराला अ‍ॅपनेच एक वेगळी खूण द्यायची, पुन्हा पाठवताना तीच खूण पाठवायची, आणि सर्व्हरने तीच खूण दुसऱ्यांदा आली तर काम पुन्हा न करता आधीचंच उत्तर द्यायचं. हे सर्व्हरच्या टीमशी बसून ठरवावं लागतं. असिंक्रोनस कोडची चर्चा एकट्या अ‍ॅपच्या टीममध्ये संपत नाही असं मी म्हणते ते यासाठी.

नव्या लोकांचा आणखी एक गोंधळ होतो, तो लवकर सांगून टाकते. असिंक्रोनस म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर, असं नाही. डार्टमध्ये अ‍ॅप लिहायच्या फ्लटरमध्ये एखाद्या फंक्शनला अ‍ॅसिंक लावलं आणि आत काही मेगाबाइटचा जेसन, म्हणजे सर्व्हरकडून आलेला डेटा, उलगडला, तर यादी सरकताना अडखळणारच. डार्टचं ते फंक्शन त्याच आयसोलेटवर (स्वतःची वेगळी मेमरी असलेला डार्टचा धागा), त्याच इव्हेंट लूपमध्ये चालतंय. अवेटने नेटवर्कची वाट बघताना जागा मोकळी होते, पण हिशोब करताना होत नाही. त्यासाठी वेगळा आयसोलेट लागतो, आणि आयसोलेटांमध्ये मेमरी सामायिक नसते, निरोप पाठवावे लागतात. कोटलिनमध्ये काम कुठल्या थ्रेडवर चालायचं हे डिस्पॅचर ठरवतो. आयओचा, म्हणजे नेटवर्क आणि फाइलींच्या कामांचा, डिस्पॅचर साधारण ६४ थ्रेडपर्यंत जातो कारण तिथली कामं बहुतांश वेळ नुसती थांबलेली असतात. हिशोबाचा डीफॉल्ट डिस्पॅचर प्रोसेसरच्या कोअरइतकेच थ्रेड ठेवतो, कारण त्याहून जास्त ठेवून काही हाती लागत नाही.

स्विफ्टच्या अ‍ॅक्टरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे सुरक्षिततेचा भास पटकन होतो. अ‍ॅक्टरच्या आतल्या डेटाला एका वेळी एकच काम हात लावू शकतं, याची हमी कंपायलर देतो. समजा फोटोंची कॅश (हाताशी ठेवलेला साठा) अ‍ॅक्टरमध्ये आहे. फंक्शन असं: कॅशमध्ये फोटो आहे का बघ, नसेल तर डाउनलोड कर आणि थांब, आला की कॅशमध्ये ठेव. एकच फोटो दोन ठिकाणी हवा आहे. पहिलं काम बघतं, नाही म्हणून डाउनलोडला थांबतं. थांबलं त्या क्षणी अ‍ॅक्टर मोकळा झाला. दुसरं काम आत आलं, त्याने बघितलं, अजून नाहीच, त्यानेही डाउनलोड सुरू केलं. दोघांनी मिळून डेटा बिघडवला नाही, हमी पाळली गेली. पण फोटो दोनदा उतरवला, आणि दरम्यान सर्व्हरवर तो बदलला असेल तर एका जागी जुना आणि दुसऱ्या जागी नवा. अवेटच्या आधी तपासलेली कुठलीही गोष्ट अवेटनंतर खरी असेलच असं नाही. उपाय असा की कॅशमध्ये फोटो ठेवायच्या आधी, थांबण्यापूर्वीच, चालू डाउनलोडचा टास्क ठेवायचा. दुसरा आला की त्याला तोच टास्क मिळतो आणि तो त्याचीच वाट बघतो. आता त्या डाउनलोडचा मालक मागणारा राहिला नाही, कॅश झाली. मागणाऱ्यांपैकी एक निघून गेला तरी दुसऱ्यासाठी ते चालू राहतं.

अ‍ॅसिंक फंक्शन फक्त अ‍ॅसिंक फंक्शनमधूनच नीट हाक मारता येतं, मग ते वरच्या फंक्शनला लागतं, मग त्याच्या वरच्या. अ‍ॅसिंक-अवेटविरुद्ध नेहमी होणाऱ्या या तक्रारीत तथ्य आहे. २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले, त्यांनी दुसरी वाट घेतली, साधा थांबणारा कोड लिहा, थ्रेडच इतका स्वस्त करू की लाखांनी चालतील. सर्व्हरसाठी मला ते उत्तम वाटतं. अ‍ॅपमध्ये मात्र एक मेन थ्रेड आहेच, आणि हे फंक्शन इथे थांबू शकतं हे त्याच्या सहीतच, म्हणजे नाव जाहीर करणाऱ्या ओळीतच, लिहिलेलं असणं मला उपयोगाचं वाटतं. ज्या ओळीवर जग बदलू शकतं, ती ओळ दिसली पाहिजे.

महिन्याभरापूर्वी त्याच सहकाऱ्याने विचारलं, “आरएक्स पूर्ण काढून टाकूया का? आता कुणी नव्याने शिकत नाही.” मुद्दा रास्त आहे. नव्या माणसाला फ्लॅटमॅप, कॉन्कॅटमॅप आणि स्विचमॅप यांतला फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि एरर आली की ती कुठून आली हे सांगणाऱ्या स्टॅक ट्रेसमध्ये लायब्ररीच्याच ओळी जास्त दिसतात. तरी मी सरसकट हो म्हटलं नाही. एक प्रश्न, एक उत्तर अशी जी कामं आहेत, ती कोटलिनच्या सस्पेंड फंक्शनमध्ये, म्हणजे मध्येच थांबू शकणाऱ्या फंक्शनमध्ये, नेली. तिथे आरएक्सचं एकच उत्तर देणारं ‘सिंगल’ वापरण्यात फायदा नव्हता. गप्पांची स्क्रीन मात्र तशीच ठेवली. कनेक्शन तुटणं, वाढत्या अंतराने पुन्हा जोडणं, समोरचा टाइप करतोय ही खूण काही वेळाने विझवणं, या सगळ्या वेळेच्या गुंतागुंती तिथे ऑपरेटरांत नेमक्या बसल्या आहेत. तिच्या टेस्ट खोट्या घड्याळावर चालतात, तीस सेकंदांची वाट क्षणात तपासून होते. चालणारं आणि तपासलेलं काहीतरी केवळ जुनं म्हणून मोडायला माझं मन तयार होत नाही. दोन्हींमध्ये पूल बांधणारी लायब्ररी आहे आणि कॅन्सल तिच्यातून दोन्ही दिशांना नीट जातं, हे आधी तपासून घेतलं.

पुढच्या टप्प्यात अपलोडची रांग आहे. तिच्यासाठी आम्ही एकही ओळ लिहिण्याआधी एक तक्ता केलाय. प्रत्येक पायरीसमोर दोन रकाने, हे कुणाचं आणि तो गेला तर काय. फोटो निवडणं स्क्रीनचं. लहान करणं रांगेचं, प्रोसेस गेली तर पुन्हा पहिल्यापासून. पाठवणं सिस्टिमचं, नेट गेलं तर आल्यावर, त्याच खुणेने. वापरणाऱ्याने मध्येच ‘रद्द करा’ दाबलं आणि तोवर शेवटचा तुकडा सर्व्हरवर पोचला होता, त्या ओळीसमोरचा रकाना अजून कोरा आहे. त्यावर सर्व्हरच्या टीमबरोबर बसायचंय.